व्याह्यांच्या रायफलीची तपासणी

जान्हवीच्या साखरपुड्याला पंधरा दिवस झाले होते. धारहून भैयासाहेबांचा फोन आला तेव्हा योगेंद्र देवासच्या आपल्या गच्चीवर वाळवणावरचे कावळे हाकत होता.

"योगेंद्रराव, आपण क्वालिटीतले ना?"

होणाऱ्या व्याह्याने असं विचारलं की मुलीच्या बापाला आधी साखरपुड्याचं जेवण आठवतं. योगेंद्रला श्रीखंड आठवलं. ते जरा आंबट निघालं होतं.

"हो, एकतीस वर्षं. पण ते श्रीखंड आम्ही बाहेरून मागवलं होतं, त्यामुळे..."

"श्रीखंड नव्हे. रायफल."

गोष्ट अशी होती. भैयासाहेबांनी श्रावणात एक रायफल घेतली होती. देशी बनावटीची, सेमी-ऑटोमॅटिक, पॉइंट टू-टू, लायसन्सवर, इंदूरच्या दुकानातून, रीतसर. सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे चाप दर वेळी आपणच ओढायचा, पण एक गोळी सुटली की दुसरी आपली आपण जागेवर येऊन बसते. ही बसत नव्हती. दिवाळीनंतर क्लबच्या रेंजवर चार प्रतिष्ठित मंडळींसमोर ती दर दुसऱ्या गोळीला अडकली. भैयासाहेब ती घेऊन तडक दुकानात गेले. दुकानदाराने काउंटरवरूनच नळीत एक डोळा घातला आणि म्हणाला, माल ठीक आहे, साहेबांचा हात बसलेला नाही.

हे कोणाला म्हणावं? भैयासाहेबांचे पणजोबा धार दरबारचा शिकारखाना सांभाळत. भैयासाहेब स्वतः सहकारी बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झाले होते आणि राहायला एका कॉलनीतल्या दुमजली बंगल्यात होते, पण फोनवर बोलताना ते अजून शिकारखान्यातूनच बोलत.

"आता तो म्हणतो, जाणकार इंजिनियरचं पत्र आणा, माल सदोष आहे असं, म्हणजे बदलून देतो. वॉरंटी जानेवारीअखेर संपते. म्हटलं, घरात जाणकार असताना बाहेर का जावं? आपण यावं आणि लिहून द्यावं."

"पाहतो," योगेंद्र म्हणाला.

"पाहायचं काय त्यात? देशी माल."

इथे योगेंद्रची कानशिलं तापली. बाविसाव्या वर्षी डिप्लोमा घेऊन तो देवासच्या गिअरच्या कारखान्यात लागला, आणि एकतीस वर्षं त्याने देशी मालच तपासला. त्याने पास केलेले गिअर जर्मनीला जात. तिथला शिक्का बसला की तेच गिअर परत येत आणि भैयासाहेबांसारखी मंडळी त्यांना हात लावून म्हणत, याला म्हणतात माल. साहेबाच्या सांगण्यावरून त्याने एकही चाक पास केलं नव्हतं. म्हणूनच तो इन्स्पेक्टर म्हणून लागला आणि एकतीस वर्षांनी सीनियर इन्स्पेक्टर म्हणून घरी आला. त्याच्यामागून आलेले, डोळे मिटून सही करणारे, मॅनेजर झाले.

तरी तो फोनवर "बरं" म्हणाला. मुलीचा बाप होता.

आता पेच सरळ होता. रायफल सदोष निघाली तर प्रश्नच नव्हता. पण ती चांगली निघाली तर? "सदोष" लिहावं तर आयुष्यातली पहिली खोटी सही, आणि तीही देशी मालाच्या विरोधात. "निर्दोष" लिहावं तर त्याचा अर्थ एकच, भैयासाहेबांना बंदूक चालवता येत नाही. आणि हा अर्थ मुलीच्या बापाने, सही करून, लग्नाच्या महिनाभर आधी काढायचा.

घरात त्याने विषय काढला.

"लिहून द्या," बायको, प्रेमला, म्हणाली. "जन्मभर खरं लिहून कोणता बंगला बांधलात?"

"टेन्शन मत लो ना बाबा," जान्हवी म्हणाली. "पियुष म्हणतो, पप्पांचं असंच असतं, दो दिन में भूल जाते हैं."

होणाऱ्या नवऱ्याचं हे मत योगेंद्रला धीर देणारं वाटलं नाही. जो माणूस पणजोबांचा शिकारखाना विसरला नाही तो हे दोन दिवसांत विसरेल, हे त्याला पटेना.

शेजारच्या विठोबाला तर विचारायचीही गरज नव्हती. विठोबा त्याच कारखान्यात स्टोअरला होता. स्टोअरच्या माणसाला वस्तू चांगली की वाईट याच्याशी देणंघेणं नसतं, ती रजिस्टरमध्ये चढली की नाही एवढंच तो पाहतो. निवृत्तीनंतर त्याने एक व्हॅन घेतली होती आणि लोकांच्या भानगडींत ती फुकट चालवत होता.

"भिया, तू लिख दे," तो म्हणाला. "रायफल काय कोर्टात उभी राहून सांगणार आहे, मी चांगली होते म्हणून?"

मग हा विठोबा दूध आणायला गेला आणि तिथे सांगून आला की योगेंद्रकडे देशी बंदुकीचं काम आलंय. आपल्या मुलखात या शब्दांचा एकच अर्थ घेतला जातो. संध्याकाळी कोपऱ्यावरच्या किराणावाल्याने योगेंद्रच्या कानाशी लागून विचारलं, "काका, कितने में पड़ती है?" एकतीस वर्षं ज्याची सही जर्मनीत चालली, त्याला गल्लीत गावठी कट्ट्यांचा दलाल ठरवायला अर्धा दिवस पुरला.

दोन दिवसांनी भैयासाहेबांचा पुन्हा फोन आला. धारला नगरपालिकेची निवडणूक लागली होती.

"आचारसंहिता. शस्त्रं ठाण्यात जमा करावी लागली. पावती आहे माझ्याजवळ. पावतीवरून लिहिता येईल का?"

"पावतीची तपासणी मला येत नाही," योगेंद्र म्हणाला.

या आचारसंहितेचं एक बरं असतं. ज्यांची नावं, पत्ते, फोटो सरकारकडे आहेत, जे बँकेतून निवृत्त झालेत आणि ज्यांना गुडघेदुखी आहे, त्यांची हत्यारं निवडणुकीत गोळा होतात. ज्यांची नावं कुठेच नाहीत ते आपली हत्यारं कमरेला लावून शांततेत प्रचार करतात. त्यांना पावती मिळत नाही, एवढीच काय ती गैरसोय.

तर योगेंद्र आणि विठोबा व्हॅनने धारला गेले. ठाण्यात मुंशीजी बसले होते. ठाण्याचं सगळं लिखाण आणि मालखान्याचं रजिस्टर त्यांच्या हातात. भैयासाहेबांनी पुढे होऊन ओळख करून दिली, "हे आमचे व्याही. बड़े इंजीनियर हैं. राइफल देखेंगे."

"देखने का प्रावधान नहीं है," मुंशीजी म्हणाले. मग रजिस्टरचं एक पान भरून झाल्यावर म्हणाले, "आवेदन दीजिए, थाना प्रभारी टीआई साहब से मार्क करवाइए. विशेषज्ञ का प्रमाण लगाइए."

योगेंद्रने कारखान्याचं जुनं ओळखपत्र काढलं. मुंशीजींनी ते उलटसुलट पाहिलं.

"ये तो गेयर का है. बंदूक का दिखाइए."

"साहब, इनका पास किया माल जर्मनी में चल रहा है," विठोबा म्हणाला.

"तो जर्मनी से लिखवा लाइए."

आवेदन लिहायला बसले तेव्हा भैयासाहेबांनी कागद योगेंद्रकडे सरकवला. "आपणच लिहा. चष्मा राहिला घरी." चष्मा त्यांच्या नाकावर होता. योगेंद्रने तो पाहिला, पण व्याह्याच्या नाकावर काय आहे हे मुलीच्या बापाने सांगायचं नसतं. पहिलं आवेदन मुंशीजींनी समासासाठी परत केलं. दुसरं आवक क्रमांकाला जागा नाही म्हणून. तिसरं घेतलं आणि सांगितलं की मालखान्याची दुसरी चावी ज्या हवालदाराकडे आहे तो ड्युटीवर मनावर गावी गेलाय, चौदा तारखेला या.

दुपारी भैयासाहेबांकडे जेवण झालं. विहीणबाई नर्मदाबाईंनी आग्रह करकरून वाढलं. जेवताना भैयासाहेबांनी वडिलांच्या विलायती बंदुकीची महती सांगितली. तिला हात लावला की कळायचं म्हणे. काय कळायचं ते त्यांनी सांगितलं नाही आणि विचारायची कोणाची टाप नव्हती. चहा आला तेव्हा सगळ्यांना कपबशी, आणि भैयासाहेबांना स्टीलच्या पेल्यात, तोही अर्धाच. दरबारी घरात ही काय काटकसर, असं योगेंद्रच्या मनात येऊन गेलं.

परतताना विठोबा म्हणाला, "पाहिलंस, किती माया करतात? आणि तू यांना कागदावर आंधळं ठरवणार."

चौदा तारखेला, यंदा पंधराला आलेल्या संक्रांतीच्या आदल्या दिवशी, हवालदार आला, चावी आली, आणि रायफल मालखान्यातून मुंशीजींच्या टेबलावर आली. मुंशीजींनी ती रिकामी असल्याची दोनदा खात्री केली. योगेंद्रने पिशवीतून आधी एक पांढरं फडकं काढून टेबलावर अंथरलं. तपासायच्या वस्तूखाली पांढरं फडकं हवं, ही त्याची एकतीस वर्षांची रीत होती. मग व्हर्निअर, भिंग आणि टॉर्च ओळीने मांडले. ठाण्यातल्या चार शिपायांनी आपापली कामं सोडली आणि टेबलाभोवती कोंडाळं केलं.

त्याने मापं घ्यायला सुरुवात केली. रायफल बनवणाऱ्या कारखान्याच्या माहितीपत्रकातले आकडे त्याने रात्री वहीत उतरवून आणले होते. एकेक माप जुळत गेलं. गिअर तपासताना माप जुळलं की त्याला बरं वाटे. आज आयुष्यात पहिल्यांदा तो मनातल्या मनात मागत होता की कुठेतरी अर्धा मिलिमीटर चुकू दे.

"अपने यहाँ की बनी है ना?" एक शिपाई म्हणाला. "फिर तो गड़बड़ होगी ही."

"आपकी मोटरसाइकिल कहाँ की बनी है?" योगेंद्रने मान वर न करता विचारलं.

नळी सरळ होती. लाकूड चांगलं वाळवलेलं, कुठे चीर नाही. काळा मुलामा सारखा चढलेला होता. तेवढ्या पैशात एक बरी मोटरसायकल आली असती हे खरं, पण पैसे कुठे गेले ते वस्तूत दिसत होतं. शेवटी एक दोष सापडला. खालच्या एका स्क्रूची खाच जरा तिरकी कापली गेली होती. योगेंद्रने त्या खाचेकडे इतक्या प्रेमाने पाहिलं की विठोबाला तिथल्या तिथे कळलं.

"हेच लिख," तो पुटपुटला. "हाच दोष. पोरीचं भलं होईल."

योगेंद्रने पेन उघडलं. "स्क्रूची खाच" असं लिहिलंसुद्धा. मग त्याचा हात थांबला. तिरक्या खाचेने गोळी अडकत नाही. हे त्याला ठाऊक होतं, कारखान्यातल्या सगळ्यात मठ्ठ अप्रेंटिसलाही कळलं असतं. आणि समोर भैयासाहेब मागे हात बांधून, ताठ उभे होते. चेहरा असा की आत डॉक्टर रिपोर्ट वाचतोय आणि आपण दाराबाहेर आहोत.

त्याने पेन मिटलं आणि टॉर्च घेतली. गोळी जिथून वर चढते त्या पोटात त्याने भिंगातून पाहिलं. आत, तेलाच्या काळपट चिकट्यात, काहीतरी पिवळं चिकटलं होतं. त्याने दात कोरायची काडी मागितली. शिपायाने खिशातून काढून दिली. काडीने हलवल्यावर ते सुटलं आणि पांढऱ्या फडक्यावर पडलं.

तांदळाचा दाणा. हळद लावलेला.

मग दुसरा पडला. मग तिसरा. मॅगझिनच्या तोंडाशी दोन, स्प्रिंगच्या बाजूला आणखी दोन. एकूण सात. पांढऱ्या फडक्यावर पिवळ्याधमक अक्षता.

विठोबा तेवढ्यात पुटपुटला, "झाकून टाक."

फार उशीर झाला होता. मुंशीजी खुर्चीतून उठले होते. "ये क्या निकला?"

"चावल," शिपाई म्हणाला.

"जमा माल में से?" मुंशीजींचा आवाज बदलला. "इसका पंचनामा होगा. कल को कोई कह देगा, थाने में डाला गया." आणि त्यांनी नवा कागद घेतला. ज्या माणसाने समासासाठी आवेदन परत केलं होतं तो आता समास सोडून, तारीख-वेळ टाकून, एकटाकी लिहीत होता. "हल्दी लगे चावल, साबुत, सात नग." पंच म्हणून विठोबाची सही घेतली. विठोबाने ती मोठ्या खुशीत केली. कारखाना सुटल्यापासून प्रथमच एखादी वस्तू त्याच्यासमोर नोंदली जात होती. सात दाणे खाकी पाकिटात गेले, पाकिटाला लाख लागली.

परतताना भैयासाहेब व्हॅनमध्ये पुढे, खिडकीकडे तोंड करून बसले. योगेंद्र मागे बसून मनात लग्नाच्या हॉलवाल्याला फोन करत होता. ॲडव्हान्स परत मिळेल का, हा एकच प्रश्न त्याच्यापुढे उरला होता.

घरी आल्यावर भैयासाहेब कोचावर बसले आणि त्यांनी हाक मारली, "नर्मदे, दसऱ्याला त्या नव्या रायफलीची पूजा कशी केली होती मी?"

नर्मदाबाई उद्याच्या हळदीकुंकवासाठी तिळगुळाच्या पुड्या बांधत होत्या. "कशी म्हणजे? आपली नेहमीची. तलवार म्यानातून काढून पूजायची, तशी तिचं सगळं उघडून ठेवलंत. म्हणालात, झाकल्या शस्त्राची पूजा पोचत नाही. मग हळदकुंकू, अक्षता, आणि वर तेलाचं बोट. मी म्हटलं होतं, आत सांडतंय. तर म्हणालात, बायकांनी शस्त्राच्या बाबतीत बोलू नये."

विठोबा हसणार होता, पण योगेंद्रने त्याच्या पायावर पाय दिला.

"म्हणजे," भैयासाहेब सावकाश म्हणाले, "अक्षतांनी अडकत होती."

"हो," योगेंद्र म्हणाला. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं, तेव्हा त्याने सगळंच सांगून टाकलं. "रायफल उत्तम आहे. एका स्क्रूची खाच तिरकी आहे, बाकी मापात कुठे नाव ठेवायला जागा नाही. मी खोटं लिहायला बसलो होतो, भैयासाहेब. जमलं नाही. देशी माल आहे, चांगला आहे, आणि मी तसंच लिहीन. लग्नाचं काय ते आपण ठरवा."

"लग्नाचा इथे काय संबंध?" भैयासाहेबांनी गोंधळून विचारलं. मग त्यांनी आपला उजवा हात समोर धरला आणि उलटसुलट करून पाहिला. "योगेंद्रराव, त्या दुकानदाराने हात बसला नाही म्हटलं, ते मला खरं वाटलं होतं. दिवाळीपासून हाच विचार. हात कापतोय, आपलं संपलं. सही करायला भीती, कप धरायला भीती. डॉक्टरकडे जायचीही भीती, तो खरं सांगेल म्हणून. म्हटलं, आपण लिहून दिलंत की रायफलच वाईट, तर निदान लोकांना सांगायला काहीतरी होईल."

"आणि मी तीन महिने पेल्यात अर्धा चहा देतेय," नर्मदाबाई म्हणाल्या. "सांगायचं तरी."

"काय सांगायचं? तू म्हणाली असतीस, आत सांडतंय म्हटलं होतं."

"तेच म्हणतेय आत्ता."

भैयासाहेब एकदम हसले. शिकारखान्यातून नव्हे, कोचावरून हसले. "चहा कर. कपात. काठोकाठ."

कप आला. भैयासाहेबांनी बशीला हात न लावता तो उचलला. योगेंद्र भिंगातून पाहावं तसा पाहत होता. चहाच्या वर एक लहानसा तरंगही उठला नाही. विठोबाने श्वास सोडला तो शेजारच्या बंगल्यात ऐकू गेला असेल.

पत्र योगेंद्रने तिथेच लिहिलं, खाचेसकट. ते दुकानदाराला नाही, थेट रायफलीच्या कारखान्याला गेलं. खाली भैयासाहेबांनी स्वतःच्या हाताने एक ओळ घातली: माल निर्दोष, चूक आमच्या पूजेची, पुढल्या दसऱ्याला रायफल बंद ठेवून पूजा करू. आणि लांबलचक, वेलबुट्टीची सही केली.

निवडणूक झाली. कोण निवडून आलं ते सांगण्यात अर्थ नाही, रस्ते तसेच आहेत. रायफल परत मिळाली तेव्हा मुंशीजींनी बजावलं की चावलही मालकाचेच, पोच देऊन घेऊन जा. भैयासाहेबांनी सात दाण्यांची पोच दिली.

फेब्रुवारीत देवासला लग्न लागलं. या वेळी श्रीखंड योगेंद्रने स्वतः तीनदा चाखून पास केलं होतं. मंगलाष्टकं सुरू झाली, सगळ्यांनी मुठीत अक्षता घेतल्या. मुलाचा बाप मात्र ताटलीतल्या अक्षतांना शिवला नाही. त्याने शेरवानीच्या खिशातून एक खाकी पाकीट काढलं, लाख फोडली आणि दाणे तळहातावर घेतले. शेवटच्या "सावधान"ला त्याने हात उगारला आणि जान्हवी-पियुषच्या डोक्यावर नेम धरून सोडला.

हजार पांढऱ्या-लाल तांदळांत ते जुने, तेलकट, पिवळे दाणे ओळखायला आले असते फक्त एका माणसाला. योगेंद्रने ते मोजले. दोन जान्हवीच्या मुंडावळ्यांवर, चार पियुषच्या फेट्यात, एक खांद्यावर. सातही जागेवर.

"ओके," तो म्हणाला, आणि डोळे पुसायला त्याने खिशातून ते पांढरं फडकं काढलं.